जुन्या आकड्यांची उलटतपासणी

सागरतळाचा नकाशा करायला निघालेल्या बोटीची पंचाईत मोठी मजेशीर असते. जिथे नकाशाची सर्वांत जास्त गरज, तिथलाच नकाशा तिच्याजवळ नसतो. तो करायलाच तर ती निघालेली असते. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर, 79 अंश अक्षांशाजवळ, काँग्सफियॉर्ड हा फियॉर्ड, म्हणजे हिमनदीने कोरलेली खाडी, आहे. त्याच्या आतल्या टोकाला ही पंचाईत रोज सकाळी समोर उभी राहते. तिथलं पाणी निळं नाही. क्रोनेब्रीन हिमनदी आपल्याबरोबर बारीक लालसर गाळ घेऊन येते आणि उन्हाळ्यात खाडीचं आतलं टोक विटकरी होतं. बोटीच्या तळाखाली हातभर अंतरावर खडक असला तरी वरून दिसायचा नाही.

म्हणून तळाचा रुंद पट्टा एकदम मोजणारा मल्टिबीम सोनार चालू करून कुणी सरळ आत शिरत नाही. काम सुरू होतं केबिनमध्ये, पडद्यावर, जुन्या मोजमापांपासून. छापील नकाशांवरचे आकडे, जुन्या इको साउंडरच्या रेषा, संशोधन जहाजांनी जाता-येता नोंदवलेल्या खोल्या, उपग्रहाच्या छायाचित्रांतून काढलेली हिमनदीची दरवर्षीची सीमा, सगळं एकावर एक रचलं जातं. प्रत्येक उगमाला वेगळा रंग. थोड्याच वेळात फियॉर्डचं चित्र दिसू लागतं: मधोमध रंगांची गर्दी, काठांकडे विरळ ठिपके आणि हिमनदीसमोर कोरी जागा.

अनुभवी सर्वेक्षक आकडा वाचण्याआधी त्याचा उगम वाचतो. त्याच्या लेखी प्रत्येक जुना आकडा हा साक्षीदार. कोणी मोजलं, कधी, कशाने, आणि मोजताना आपण नेमके कुठे आहोत हे त्याला कसं कळलं? ही उलटतपासणी झाल्याशिवाय साक्ष ग्राह्य धरली जात नाही.

या समुद्रातल्या साक्षी फार जुन्या आहेत. 1773 मध्ये ब्रिटिश आरमाराचे कॉन्स्टंटाइन फिप्स दोन जहाजं घेऊन स्वालबार्डमधल्या स्पिट्सबर्गनच्या उत्तरेला बर्फापर्यंत गेले. परतीच्या वाटेवर त्यांनी शिशाचं वजन बांधलेला दोर सोडला. तो 683 फॅदमवर, म्हणजे जवळपास साडेबाराशे मीटरवर टेकला आणि वर आला तेव्हा त्याला निळसर चिकणमाती लागलेली होती. शिशाच्या बुडाशी चरबी लावायची रीत होती. तिला चिकटलेली वाळू, चिखल किंवा शंखशिंपले पाहून तळ कसा आहे ते कळायचं, आणि काहीच चिकटलं नाही तर खाली कातळ असल्याची शंका घ्यायची. म्हणून जुन्या नकाशांवर आकड्यांशेजारची तळाची बारीक अक्षरंही आम्ही सोडत नाही. नांगर कुठे धरेल आणि कुठे घसरेल, याचा पहिला अंदाज त्यांतूनच मिळतो.

शिशाच्या दोराने एका वेळी एकच बिंदू मोजला जातो. विसाव्या शतकात आलेल्या इको साउंडरने जहाजाच्या थेट खालची एक रेषा मोजली. दोन रेषांमध्ये शेकडो मीटरची फट राहिली, तर त्या फटीत अख्खा सुळका लपू शकतो. फियॉर्डमध्ये ही भीती खरी आहे. हिमनदीने कोरलेल्या दरीत कठीण खडकाचे उंचवटे जागच्या जागी राहतात आणि शंभर मीटर खोल पाण्यातून एखादा टोकदार माथा पृष्ठभागाजवळ येतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जुने आकडे खोल आणि निर्धास्त दिसतात. त्यांत खोटं काही नसतं. जिथे कुणी मोजलंच नाही, तिथलं ते सांगत नाहीत इतकंच.

जागेचा प्रश्न त्याहून नाजूक. सेक्स्टंटने किनाऱ्यावरच्या खुणांमधले कोन मोजून ठरवलेली जागा धुक्यात कितपत खरी असेल? युरोपातले बरेच जुने नकाशे ईडी-50 या संदर्भपद्धतीवर बेतलेले आहेत. जीपीएस डब्ल्यूजीएस-84 वापरतं. दोन्हींतला फरक शंभर मीटरहून अधिक भरतो. तो न सुधारता जुना आकडा पडद्यावर टाकला, तर खडक नकाशावर एकीकडे आणि समुद्रात दुसरीकडे. इलेक्ट्रॉनिक नकाशांमध्ये म्हणूनच माहितीच्या दर्जाची प्रतवारी असते. ‘ए-1’ दर्जाच्या भागात वीस मीटरच्या आकड्यात सुमारे 70 सेंटिमीटरची चूक धरायची. ‘सी’ दर्जात ती तीन मीटर होते आणि जागा पाचशे मीटरपर्यंत चुकलेली असू शकते. ‘डी’ त्याहूनही वाईट. आर्क्टिकमध्ये खालचे दर्जे नेहमीच भेटतात.

इथवरची तपासणी कुठल्याही काटेकोर कामासारखी. या धंद्याचा खरा शहाणपणा पुढच्या नियमात आहे: जुन्या आकड्यांवर सारखा विश्वास ठेवायचा नाही. जुना आकडा उथळ पाणी सांगत असेल तर तो खरा धरायचा, कितीही जुना आणि वेडावाकडा असो. जागा चुकण्याची शक्यता धरून त्याभोवती मोठं वर्तुळ काढायचं आणि बोट बाहेर ठेवायची. तोच आकडा खोल पाणी सांगत असेल, तर त्यावर फारशी भिस्त ठेवायची नाही. उथळ साक्ष खोटी निघाली तर वाया जातो थोडा वेळ. खोल साक्ष खोटी निघाली तर बोट जाते.

या नियमाची किंमत जहाजांनी मोजलेली आहे. 27 ऑगस्ट 2010 रोजी कॅनडाच्या उत्तरेकडे कॉरोनेशन आखातात ‘क्लिपर ॲडव्हेंचरर’ हे प्रवासी जहाज खडकावर चढलं. तो खडक 2007 मध्येच आढळला होता आणि जहाजांना सूचनाही निघाली होती. ती या जहाजाच्या नकाशापर्यंत पोहोचली नव्हती. सप्टेंबर 2023 मध्ये पूर्व ग्रीनलंडच्या आल्पेफियॉर्डमध्ये ‘ओशन एक्सप्लोरर’ 206 जणांसह रुतलं आणि तीन दिवसांनी एका संशोधन जहाजाने ते ओढून काढलं. सगळ्यात जवळची मदत शेकडो मैल दूर असते, तिथे ‘बघू पुढे काय होतं ते’ चालत नाही.

उथळ वर्तुळं आखून झाली की मार्ग आखायचा. पहिली रेषा नेहमी मधोमध, जिथून आधी कुणीतरी सुखरूप गेलं आहे. मल्टिबीम एका वेळी खोलीच्या तिप्पट-चौपट रुंदीचा पट्टा मोजतो. शंभर मीटर पाण्यात तीन-चारशे मीटर. दुसरी रेषा अशी घ्यायची की बोट पहिल्या पट्ट्याच्या मोजलेल्या कडेवरून जाईल आणि तिचे किरण पुढच्या अनोळखी भागात पोहोचतील. बोटीखाली सतत पाहिलेला तळ, बाजूला न पाहिलेला. वळण घ्यायचं तेही मोजलेल्या बाजूला. काठाकडे जाऊ तसा तळ वर येतो, पट्टा अरुंद होतो, रेषा दाट होतात आणि एक मैल पुढे सरकायला सकाळ जाते. फियॉर्डच्या भिंतींजवळ रेषा उताराच्या दिशेने नाहीत, सारख्या खोलीला समांतर धरतात, म्हणजे वर चढत येणारा खडक समोरून अचानक येत नाही. संशयित उथळ भाग शक्यतो भरतीच्या वेळी मोजायचा: भरती-ओहोटीतला फरक इथे दीड मीटरच्या आसपास असला, तरी रुतलेल्या बोटीला वर चढणारं पाणी सोडवतं.

नवा आकडाही उलटतपासणीतून सुटत नाही. शून्य अंशाच्या खाऱ्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1449 मीटर जातो, गोड्या पाण्यात सुमारे 1402. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी वर आणि खारं खाली असेल, तर तिरके किरण वाकतात आणि सपाट तळ पडद्यावर कडांना उचललेला किंवा खचलेला दिसतो. म्हणून पाण्यातल्या ध्वनीच्या वेगाचं मोजमाप पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं; हिमनदीजवळ तर थोडं अंतर गेलं तरी पाण्याचे थर बदलतात.

हिमनदीसमोर जुने आकडे संपतात. जिथे पूर्वी बर्फ होता, तिथे मोजायला कोण जाणार? याच फियॉर्डमधलं ब्लोमस्ट्रांडहाल्वया जुन्या नकाशांवर द्वीपकल्प होतं. बर्फ मागे हटला आणि 1990 च्या दशकात ते बेट असल्याचं उघड झालं. इथे आकड्यांऐवजी बर्फाचा इतिहास वाचावा लागतो. हिमनदी जिथे काही काळ थांबली, तिथे गाळ-दगडांचा बांध, म्हणजे हिमोढ, पाण्याखाली असण्याची शक्यता मोठी. उपग्रहाच्या छायाचित्रांतली जुनी सीमारेषा त्यासाठी पडद्यावर राहते आणि ती ओलांडताना वेग कमी होतो. बर्फाच्या कड्याच्या अगदी जवळ माणसांची बोट जातच नाही. कोसळणारा एक तुकडा पुरेसा होतो. अलास्कातल्या ल कॉन्ट हिमनदीसमोर 2018 मध्ये मोजमापाला माणसाविना चालणाऱ्या कयाक पाठवल्या होत्या, त्या याच कारणाने.

गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचा काँग्सफियॉर्डच्या पाण्याशी जवळचा संबंध आहे. फियॉर्डच्या काठावरच्या नी-ऑलेसुंडला 2008 पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे आणि 2014 मध्ये फियॉर्डच्या तळाशी, 192 मीटरवर, ‘इंडआर्क’ ही उपकरणांची मालिका नांगरली गेली. अशा मालिकेची दोरी किती लांब ठेवायची हे खोलीवर ठरतं; तळाचा आकडा चुकला तर वरचं उपकरण नको त्या पाण्यात जाऊन बसतं.

मोजणी संपल्यावर जुन्या उथळ आकड्यांचा निकाल लागतो. त्यांतला एखादा सापडला नाही, म्हणून तो नकाशावरून लगेच पुसत नाहीत. त्याची जागा चुकलेली असू शकेल तेवढा सगळा परिसर पट्ट्यांनी झाकला, फट उरली नाही आणि तरीही तो दिसला नाही, तरच तो खोडायचा. ‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ यांतल्या फरकावर हा सगळा व्यवसाय उभा आहे. अहवालात म्हणूनच एक ठळक रेषा काढली जाते: कुठपर्यंत मोजलं आणि कुठून पुढे गेलो नाही. आपलं नाव, साल, यंत्र आणि संदर्भपद्धतही लिहिली जाते, कारण वीस वर्षांनी हिमनदी आणखी मागे गेलेली असेल आणि उलटतपासणीला आमचे आकडे उभे असतील.