वाय नसलेले नर : कोळ्यांच्या लिंग-गुणसूत्रांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कोळ्यांच्या बहुसंख्य जातींत नराकडे वाय गुणसूत्र नसते. त्याच्या पेशीत दोन वेगवेगळी एक्स गुणसूत्रे असतात, पण प्रत्येकाची एकच प्रत. मादीकडे त्या दोन्हींच्या जोड्या, म्हणजे एकूण चार. शास्त्रीय लेखनात ही पद्धत 'एक्स१-एक्स२-०' अशी लिहितात. शेवटचे शून्य वायच्या रिकाम्या जागेचे. सातारा-सांगलीकडच्या शेतांत आणि गवतात धावणाऱ्या लांडगा कोळ्यांच्या कुळात नराची २८ आणि मादीची ३० ही संख्या वारंवार सापडते. चक्राकार जाळे विणणाऱ्यांच्या कुळात ती बहुधा २४ आणि २६ असते. आकडे बदलले तरी या पद्धतीत नर-मादीतला दोनचा फरक कायम राहतो.

गैरसमज : नर म्हटला की वाय हवाच

शाळेच्या पुस्तकातली एक्स-वायची आकृती माणसाची आहे. तिच्यावरून सगळ्या प्राण्यांचा हिशेब मांडता येत नाही. नर कोळ्यात शुक्रपेशी तयार होताना दोन्ही एक्स शेजारी शेजारी राहतात आणि पेशीच्या एकाच टोकाकडे जातात. त्यामुळे निम्म्या शुक्रपेशींना दोन्ही एक्स मिळतात, उरलेल्यांना एकही नाही. अंडपेशीत मात्र दोन्ही असतातच. एक्सवाली शुक्रपेशी मिळाली की मादी, बिनएक्सची मिळाली की नर. लिंग ठरते ते पित्याकडूनच, फक्त वायवाचून.

हे निरीक्षण जुने आहे. लुईस वॉलेस यांनी कोळ्यातील या 'जादा' गुणसूत्रावर १९०० मध्ये लिहिले. अशा गुणसूत्राचा लिंगाशी संबंध असावा, हे मॅक्लंग यांनी १९०२ मध्ये कीटकांवरून सुचवले. १९१४ मध्ये थिओफिलस पेंटर यांचा कोळ्यांच्या शुक्रपेशींवरचा मोठा अभ्यास छापून आला. माणसाची गुणसूत्रे ४८ असल्याचे पुढे १९२३ मध्ये सांगणारे पेंटर ते हेच. तो आकडा ४६ असा दुरुस्त व्हायला १९५६ साल उजाडले.

गैरसमज : लाल कोळी हाही कोळीच

तासगाव-मिरज भागातला द्राक्ष बागायतदार ज्याला लाल कोळी म्हणतो, ती रस शोषणारी कीड अष्टपाद असली तरी खरा कोळी नव्हे. ती माइट या वेगळ्या गटातली. तिची लिंगनिश्चितीही वेगळी आहे. फलित अंड्यातून मादी होते आणि तिची गुणसूत्रे ६. अफलित अंड्यातून नर होतो आणि त्याची ३. महाबळेश्वरच्या मधपेट्यांतला नरही असाच अर्ध्या संचावर जगतो. खऱ्या कोळ्याचा नर मात्र फलित अंड्यातूनच जन्मतो. त्याची इतर सर्व गुणसूत्रे जोडीने असतात, एकेकटे राहतात ते फक्त एक्स. लाल कोळी मारणारी फवारणी अनेकदा बागेतल्या खऱ्या कोळ्यांनाही मारते, त्यामुळे हा भेद केवळ पुस्तकी नाही.

गैरसमज : एकच एक्स तुटून दोन झाले

हे स्पष्टीकरण सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वाधिक टिकलेले. पेटाऊ यांनी १९४८ मध्ये ते मांडले. अडचण अशी की, मध्यभागी जोड असलेले लांब गुणसूत्र तुटून दोन झाले असते, तर एकच एक्स असलेल्या जातींत तसे लांब, दुबाहू एक्स वारंवार दिसायला हवे होते. ते तसे दिसत नाही. उरुग्वेतील दोन संशोधकांनी १९८१ मध्ये दुसरा मार्ग सुचवला : विभाजनातल्या चुकीने एक्सची जादा प्रत उरली आणि पुढे ती मूळ प्रतीपासून दूर गेली. आज एक्स१ आणि एक्स२ ही स्वतंत्र गुणसूत्रे आहेत. नरात ती शेजारी राहतात, पण जोडीदारांसारखी एकमेकांशी तुकडे बदलत नाहीत.

२०१७ मध्ये घरगुती कोळ्याच्या एका जातीचा जनुकसंच वाचला गेला. कोळी आणि विंचू यांच्या समाईक पूर्वजात, ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, संपूर्ण जनुकसंचच दुप्पट झाला होता, हे त्यातून पुढे आले. जोडीजोडीच्या एक्सचे मूळ शोधताना ही दुप्पट आता विचारात घ्यावी लागते. जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी काढणारे 'सिग्नेचर स्पायडर' सह्याद्रीतही दिसतात. त्यांच्याच प्रजातीतल्या एका युरोपीय जातीची दोन्ही एक्स नेमकी कोणती, हे २०२२ मध्ये निश्चित झाले.

गैरसमज : कोळ्यांना वाय कधी नव्हताच

घराच्या कोपऱ्यात उलटे लटकणारे, लांब काडीसारख्या पायांचे कोळी ज्या कुळातले, त्यातल्या अनेक जातींत दोन एक्ससोबत एक अगदी लहान वाय सापडतो. फिलिस्टॅटिडी कुळातही तसेच. या लांबपायी कुळावर २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासाने नेहमीची समजूत उलटी केली : दोन एक्स व एक वाय हीच बहुतेक कोळ्यांच्या पूर्वजाची स्थिती असावी आणि पुढे वाय हरवून आजची सर्वसामान्य पद्धत आली असावी. ही मांडणी अजून तपासली जात आहे, पण पुराव्याचा कल तिच्याकडे आहे.

सगळेच वाय मात्र जुने नाहीत. ऑस्ट्रेलियातील डेलेना या सामाजिक कोळ्यात इतर गुणसूत्रे एक्सला चिकटून वाय नव्याने घडला. त्याच्याच कुळातला, आपल्या भिंतींवर चपटा पसरणारा आणि अंड्यांची पांढरी चकती पोटाखाली धरणारा मोठा तपकिरी कोळी तीन एक्सवाला. काही लिंक्स कोळ्यांत तर एकच एक्स. या सगळ्यांना साध्याकडून गुंतागुंतीकडे जाणाऱ्या एका शिडीवर बसवणे चुकीचे ठरते.

गैरसमज : गुणसूत्रे कमी म्हणून नर चिमुकला

कोयना-चांदोलीच्या जंगलात सोनेरी जाळे विणणाऱ्या नेफिलाची मादी तळहाताएवढी पसरते आणि नर तिच्या पाठीवरचा ठिपका वाटतो. याचा दोष दोन कमी गुणसूत्रांना देता येत नाही. लांडगा कोळ्यांतही नराला दोन एक्स कमीच असतात आणि तिथे नर-मादी जवळपास सारख्या आकाराचे असतात.

गैरसमज : पिल्ले नेहमी निम्मी नर, निम्म्या माद्या

भारताच्या कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशात वसाहत करून राहणाऱ्या स्टेगोडिफस सारासिनोरम या सामाजिक कोळ्यात माद्या नरांच्या कित्येक पट असतात. त्याच्या आफ्रिकी नातलगांवर २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात नर एक्सवाल्या शुक्रपेशीच अधिक तयार करतात, असे आढळले. निम्म्यानिम्म्याचा नियम गुणसूत्रांनी घालून दिला, तरी तो इथे शुक्रपेशी बनतानाच वाकतो.

गैरसमज : जातीला नाव मिळाले की गुणसूत्रेही कळली

१९१५ मध्ये ग्रेव्हली यांनी एका टॅरान्टुलाला 'साताऱ्याचा' या अर्थाचे जातिनाम दिले. असे वर्णन बाह्य रचना आणि प्रजननांगांवर आधारलेले असते, गुणसूत्रांवर नव्हे. बोले-गौडा यांनी १९५८ मध्ये भारतातील २२ जातींची गुणसूत्रे तपासली, तेव्हा ते मोठे काम होते. जगात नाव मिळालेल्या कोळ्यांच्या जाती २०२२ मध्ये ५०,००० च्या पुढे गेल्या. गुणसूत्रे मोजलेल्या जाती त्यांचा अगदी लहान भाग आहेत. मोजणी अवघड असण्याचे एक कारण साधे आहे : पूर्ण वाढ झालेल्या नरात शुक्रपेशींची निर्मिती बहुधा उरकलेली असते. म्हणून अभ्यासकाला शेवटची कात टाकण्याआधीचा, तोंडाजवळच्या स्पर्शपादांची टोके फुगलेला नर शोधावा लागतो.