बेसमेंटमधले रणगाडे
आमच्या बेसमेंटमध्ये सध्या युद्धखेळासाठी १/७२ प्रमाणातल्या शर्मन रणगाड्यांची पलटण तयार होते आहे. मुलगा जोडतो, मी रंगवतो. छंद उत्तम, पण थंडीत खिडक्या बंद असतात, हे विसरू नये. प्लॅस्टिक सिमेंटमधले द्रावक पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करते. त्याचीच वाफ आपल्या श्वासात जाते. धुळीचा मास्क ती अडवत नाही. खिडकी उघडून हवा बाहेर फेकणारा पंखा लावा. स्प्रेचा डबा गॅसच्या फर्नेसजवळ कधीही वापरू नका. त्यातला वायू पेट घेतो. मुलांना पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग द्या. ब्रशला ओठांनी टोक मात्र काढू देऊ नका. आमचा पंखा दोन किटांच्या किमतीत आला. आधी पंखा घ्या, मग पुढचा रणगाडा!