पैसा कुणाचा, संस्था कुणाची?

जॉर्जिया हे नाव आता आपल्याला अगदीच परकं राहिलेलं नाही. ओळखीपाळखीत कुणाचा ना कुणाचा मुलगा, मुलगी तिथं डॉक्टरकी शिकायला गेलेली असते. थंडी किती, जेवणाचं कसं, फी किती एवढं आपण विचारतो आणि थांबतो. पण काळ्या समुद्राकाठच्या या छोट्या देशाची एक गोष्ट महिला मंडळं, बचत गट चालवणाऱ्या आपण बायकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे.

१९९१ मध्ये जॉर्जिया सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. आधीची सत्तर वर्षं सगळाच सरकारी कारभार. लोकांनी आपली संस्था काढावी, चार पैसे वर्गणी जमवावी ही सवयच नव्हती. शिवाय वीज नाही, पेन्शन वेळेवर नाही. वर्गणी देणार कोण? अशा वेळी अमेरिका, युरोपातले देश आणि जॉर्ज सोरोस यांचं प्रतिष्ठान पुढं आलं. निवडणुकीवर देखरेख, कायद्याचा सल्ला, पत्रकारांचं प्रशिक्षण अशा कामांना पैसा मिळाला आणि संस्था उभ्या राहिल्या.

नोव्हेंबर २००३ च्या निवडणुकीत गडबड झाली, तेव्हा याच संस्थांनी स्वतः मोजणी करून सरकारी आकड्यांवर बोट ठेवलं. 'क्मारा' नावाची तरुणांची संघटना रस्त्यावर होतीच. क्मारा म्हणजे 'पुरे झालं'! सर्बियात २००० साली मिलोसेविचची सत्ता घालवणाऱ्या 'ओत्पोर'च्या मुलांकडून ते शांततेनं लढायचं कसं हे शिकले होते. २२ नोव्हेंबरला लोक हातात गुलाबाची फुलं घेऊन संसदेत शिरले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष शेवर्दनाद्झे यांनी राजीनामा दिला. हंगामी कारभार सांभाळला तो नीनो बुर्जानाद्झे या बाईंनी.

'हे सगळं परदेशी पैशानं घडवलं,' असं तेव्हाही म्हटलं गेलं, आजही म्हणतात. मला हे अर्धंच खरं वाटतं. पत्रकं छापायला, शिबिरं भरवायला पैसा बाहेरचा होता, हे खरं. पण ऐन थंडीत लोक रस्त्यावर उभे राहिले ते घरातल्या अंधाराला कंटाळून. तो कंटाळा काही कुणी विकत देत नाही.

खरी अडचण पुढं आली. जानेवारी २००४ मध्ये साकाश्विली तब्बल ९६ टक्के मतांनी अध्यक्ष झाले. संस्थांमधली हुशार माणसं मंत्री, अधिकारी झाली. देणगीदारांचा पैसाही मोठ्या प्रमाणात नव्या सरकारकडे वळला. नोव्हेंबर २००७ मध्ये याच सरकारनं निदर्शकांवर अश्रुधूर सोडला, विरोधी वाहिनी बंद केली. तेव्हा जाब विचारणाऱ्या संस्था दुबळ्या झालेल्या होत्या.

हे वाचताना मला आपली मंडळं आठवली. देणगी आली की फोटो पाठवा, अहवाल पाठवा, अमुक इतक्या बायका हजर होत्या ते लिहा. हिशेब द्यायलाच हवा, त्यात गैर काही नाही. पण सगळा हिशेब वरच्यालाच द्यायचा आणि गल्लीतल्या बाईला काहीच सांगायचं नाही, असं झालं की मंडळ तिचं राहत नाही. निधी आटला की ती फिरकत नाही.

जॉर्जियात याचा पुढचा अंकही झाला. मे २०२४ मध्ये तिथल्या 'जॉर्जियन ड्रीम' पक्षाच्या सरकारनं कायदा केला. उत्पन्नाचा २० टक्क्यांहून जास्त भाग परदेशातून येत असेल, तर 'परकीय सत्तेचं हित पाहणारी संस्था' म्हणून नोंदणी करा! हजारो लोक रस्त्यावर आले, अध्यक्षा सालोमे झुराबिश्विली यांनी नकाराधिकार वापरला, संसदेनं तो फेटाळला. ऑगस्ट २०२५ मध्ये सात संस्थांची बँक खाती गोठवली गेली. त्यात घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना आधार देणारी 'सपारी'ही होती. मार खाणाऱ्या बाईला मदत करणं यात कुठल्या परकीय सत्तेचं हित आलं, सांगा बरं! त्याच वर्षी अमेरिकेनं आपली 'यूएसएड' ही मदत यंत्रणाच गुंडाळली. म्हणजे घरचा दरवाजा बंद आणि बाहेरचाही.

आपल्याकडेही परदेशी देणग्यांवर कायदा आहे. पहिला आणीबाणीत, १९७६ साली आला, दुसरा २०१० मध्ये. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला असा निधी छोट्या संस्थेकडे पुढं देता येत नाही. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या अनेकींना त्याची झळ बसली.

म्हणून मला वाटतं, परदेशी पैसा म्हणजे पाप नाही आणि पुण्यही नाही. त्याच्यामुळं काम सुरू होतं, पण मुळं आपल्याच मातीत धरावी लागतात. मंडळाची वर्गणी दहा रुपये का असेना, ती प्रत्येकीकडून घ्यावी आणि वर्षाचा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवावा. दहा रुपये देणारी बाई प्रश्न विचारते. संकट आलं तर मंडळासाठी उभीही तीच राहते. तुमच्या मंडळाचा हिशेब शेवटचा कधी वाचला गेला, एकदा आठवून बघा.