विद्युत् मोटारगाडीतील चालनपद्धती

विद्युत् मोटारगाडीच्या चलित्राचा प्रतिसाद प्रवासाच्या गरजेनुसार बदलण्याची सोय. घटमालेतून चलित्रास किती शक्ती व किती त्वरेने पुरवावयाची हे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ठरवितो. चालनपद्धती निवडणे म्हणजे या नियंत्रकाला सूचना देणे होय. त्यामुळे घटमालेतील ऊर्जेचा साठा वाढत नाही, तो खर्च होण्याची रीत तेवढी बदलते.

सामान्यतः काटकसरीची, शहरी व जोमदार अशा तीन पद्धती आढळतात. पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या ४०.५ किलोवॉट-तास घटमाला असलेल्या प्रतिमानात (२०२२) त्यांना अनुक्रमे इको, सिटी व स्पोर्ट अशी नावे होती. काटकसरीच्या पद्धतीत वेग वाढविण्याचा पायटा तितकाच दाबला, तरी चलित्राचे परिबल कमी मिळते. जोमदार पद्धतीत ते अधिक व तत्काळ मिळते. पायट्यावरील दाब काढल्यावर चलित्र जनित्राप्रमाणे कार्य करते, गाडी मंदावते व तिच्या गतिज ऊर्जेचा काही भाग घटमालेत परत येतो. या क्रियेस पुनर्जनन म्हणतात. उपर्युक्त प्रतिमानात त्याच्या ० ते ३ अशा चार पातळ्या होत्या.

या निवडीचे महत्त्व नांदेड-लातूर मार्गावरून स्पष्ट होते. लोहा, अहमदपूर व चाकूरवरून जाणारा हा मार्ग सु. १४० किमी. लांबीचा आहे. नांदेड गोदावरीच्या काठी, तर लातूर बालाघाटच्या पठारावर असल्याने लातूरकडे जाताना एकंदरीत चढ लागतो. प्रवाशांसह १,५०० किग्रॅ. वजनाची गाडी १०० मी. उंच नेण्यास सु. ०.४ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. अन्य व्यय निराळा. याउलट हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किमी.ऐवजी ९० किमी. वेग ठेवल्यास तो सव्वादोन पट होतो व मध्यम आकाराच्या गाडीस या अंतरात स्थूलमानाने ५ ते ६ किलोवॉट-तास अधिक खर्चावे लागतात. म्हणजेच चढापेक्षा वेगच अधिक महाग पडतो. काटकसरीची पद्धत निवडूनही वेग ९० किमी. राखल्यास हवेचा रोध कमी होत नाही. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात वातानुकूलनाचा खर्च यात मिळवावा लागतो.

मोकळ्या सपाट रस्त्यावर काटकसरीची पद्धत, मध्यम वेग व सौम्य पुनर्जनन हितावह ठरते, कारण वेग घटवून पुन्हा वाढविताना प्रत्येक वेळी ऊर्जेचा काही अंश वाया जातो. बाजारपेठेतील थांबत-निघत जाणाऱ्या वाहतुकीत व उतारावर पुनर्जननाची वरची पातळी उपयुक्त असते. तिच्यामुळे ब्रेकची झीजही कमी होते. मात्र घटमाला पूर्ण भारित असताना परत येणारी वीज साठविण्यास जागा नसते. म्हणून लातूरहून पूर्ण भारित घटमालेनिशी निघाल्यास आरंभी उतार असला, तरी पुनर्जनन क्षीण राहते व नेहमीच्या ब्रेकवरच भिस्त ठेवावी लागते.

बचतीपेक्षा सुरक्षितता महत्त्वाची असे प्रसंगही येतात. ऊसतोडीच्या हंगामात संथ जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या जोडगाड्यांना ओलांडताना प्रवेग अपुरा पडणे धोक्याचे असते. अशा वेळी ओलांडण्यास आरंभ करण्यापूर्वीच जोमदार पद्धत निवडणे श्रेयस्कर असते. पावसाळ्यात शेतातून रस्त्यावर आलेल्या काळ्या मातीच्या चिखलामुळे चाके घसरू शकतात. तेथे सौम्य प्रतिसाद व पुनर्जननाची खालची पातळी अधिक सुरक्षित असते, कारण तीव्र पुनर्जननाने चालित चाकांची पकड सुटण्याचा संभव असतो.

परीक्षणातून प्रमाणित होणारा पल्ला (वरील प्रतिमानासाठी ४३७ किमी.) ठराविक परिस्थितीतील असतो. प्रत्यक्ष पल्ला वेग, चढउतार, तापमान व भार यांनुसार बदलतो. चालनपद्धती त्यात साहाय्य करते. परंतु मुक्कामी पोहोचेपर्यंत वीज पुरेल की नाही, हे मुख्यत्वे चालकाने राखलेल्या वेगावरच अवलंबून असते.