डब्याचे पैसे वेळेवर



गेल्या महिन्यात एकादशीच्या भजनानंतर आपल्या एका ज्येष्ठ सभासद आजींनी मला बाजूला घेऊन विचारले, "अगं, त्या डबा देणाऱ्या ताई हल्ली दिसत नाहीत. बऱ्या आहेत ना?" मी म्हटले, "बऱ्या आहेत. पण त्यांनी डबे बंद केले." आजींचा चेहरा उतरला. त्या एकट्या राहतात. गुडघ्यांमुळे ओट्यापाशी फार वेळ उभे राहवत नाही. आठवड्यातले पाच दिवस त्यांचे जेवण म्हणजे ताईंचा डबा. "का गं बंद केले?" या प्रश्नाचे खरे उत्तर मी तेव्हा दिले नाही. ते आज इथे देते, कारण त्यात माझाही वाटा आहे.

मी निवृत्त हिशेबनीस. दर शनिवारी आरतीनंतर सभागृहाच्या कोपऱ्यात टेबल मांडून बसते. कोणाचे पत्र वाचून दे, कोणाचा फॉर्म भरून दे, असे काम. हिवाळ्यात एका शनिवारी या ताई आपली वही घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांची नोकरी गेली होती आणि घर काही महिने डब्यांवरच चालले होते. "काकू, मी रोज पहाटे पाचला उठते, डबे सगळे संपतात, कोणी नावे ठेवत नाही, तरी महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नाही. माझे कुठे चुकते ते बघा," त्या म्हणाल्या.

वहीच्या मागच्या पानावर "येणे" असे लिहून खाली सतरा नावे होती. सगळी माझ्या ओळखीची, म्हणजे आपल्याच मंदिरातली. आठवे नाव माझे होते. बारा डबे, ८४ पौंड.

मी ते पैसे बुडवणार नव्हते. बाकीच्या सोळा जणांनीही बुडवले नसते. "घरचेच तर आहे, देऊ की सगळे एकदम," एवढाच आमचा विचार. पण सतरा जणांनी एकाच वेळी असा विचार केला की काय होते, ते मला आयुष्यभर हिशेब लिहूनही त्या दिवशी नव्याने कळले.

ताईंच्या परवानगीने, आकडे थोडे गोल करून, तो हिशेब मांडते. रोज २० डबे, एका डब्याचे ७ पौंड. दिवसाचे १४०, पाच दिवसांच्या आठवड्याचे ७००, चार आठवड्यांचे २,८०० पौंड. ऐकायला बरे वाटते. पण यातले निम्मे, म्हणजे १,४०० पौंड, कणीक, डाळ, तांदूळ, तेल, भाज्या, गॅस, डबे आणि पेट्रोल यांत जातात. हे १,४०० आधी मोजावे लागतात आणि २,८०० मागून येतात. मधल्या काळात चूल पेटती ठेवायला जो पैसा लागतो त्याला आपण खेळते भांडवल म्हणतो. मोठ्या दुकानाकडे ते असते. घरून डबे करणाऱ्या बाईकडे ते कुठून असणार?

आता वीसपैकी पाचच गिऱ्हाइकांनी महिनाभर पैसे दिले नाहीत असे समजा. पाच डबे, वीस दिवस, ७ पौंड: ७०० पौंड अडकले. महिन्याच्या नफ्यातला निम्मा पैसा लोकांच्या खिशात राहिला. पुढच्या आठवड्याची डाळ क्रेडिट कार्डावर आली, कार्डाचे व्याज सुरू झाले आणि नफा फक्त वहीत उरला. ताईंच्या यादीत तर पाच नव्हे, सतरा नावे होती. धंदा चांगला चालत असताना बंद पडतो तो असा.

दुसरी गोष्ट भावाची. "घरचा तर स्वयंपाक, ७ पौंड कशाला, ६ घे," असे आपण सहज म्हणतो. खर्च वजा जाता ताईंना दिवसाला ७० पौंड उरत. खरेदी, स्वयंपाक, भांडी आणि डबे पोहोचवणे मिळून रोजचे सहा तास धरले तर तासाला ११ पौंड ६७ पेन्स पडतात. एप्रिल २०२५ मध्ये या देशात २१ वर्षे किंवा त्याहून मोठ्या कामगाराचे किमान वेतन ताशी १२ पौंड २१ पेन्स झाले होते. म्हणजे पूर्ण भाव देऊनही आपण त्यांना किमान वेतनापेक्षा कमी देत होतो. डब्यामागे एक पौंड कमी केला तर तासाचे ८ पौंड ३३ पेन्स उरतात. दानपेटीपाशी आपला हात सैल असतो. आपल्याच लेकी-सुनांच्या कष्टाची किंमत मोजताना मात्र तो आखडतो. हे मी स्वतःला सांगते आहे.

ही अडचण नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात असंख्य बायका गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवत. कामगार पगार झाला की महिन्याने पैसे देत, तोवर बाई किराणा उधारीवर आणी आणि सावकाराच्या व्याजात अडके. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकमेकींच्या जामिनावर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळू लागली आणि सावकार सुटला. त्या बायकांना स्वयंपाक कोणी शिकवला नाही. अडत होता तो वेळेवर न मिळणारा पैसा, आणि तो प्रश्न सोडवल्यावर बाकीचे त्यांनी स्वतः केले.

आता ज्यांना इथे असे काही सुरू करायचे आहे, किंवा ज्यांच्या सुना-नातवंडांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी नेमक्या पायऱ्या सांगते. शनिवारच्या टेबलावर हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात.

पहिली पायरी व्हिसाची. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना स्वतःचा व्यवसाय करता येत नाही, घरून दोन डबेसुद्धा विकता येत नाहीत. स्किल्ड वर्कर व्हिसावरील व्यक्तीच्या पती किंवा पत्नीला मात्र करता येतो. सहा महिन्यांसाठी भेटीला आलेल्या आई-वडिलांना विक्रीसाठी पापड-लोणची करता येत नाहीत. मुलीच्या घरी स्वयंपाक करणे वेगळे आणि ऑर्डर घेणे वेगळे.

दुसरी पायरी कौन्सिलची. घरून खाद्यपदार्थ विकायचे तर सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी आपल्या कौन्सिलकडे नोंदणी करायची. ती विनामूल्य असते आणि नाकारली जात नाही. मग अधिकारी स्वयंपाकघर पाहायला येतात आणि स्वच्छतेचे ० ते ५ गुण देतात. घाबरण्याचे कारण नाही. काय तपासतात आणि नोंदी कशा ठेवायच्या, याची पुस्तिका फूड स्टँडर्ड्स एजन्सी मोफत देते. घर भाड्याचे असेल तर घरमालकाची परवानगी आधी घ्यावी. गाडीतून डबे पोहोचवणार असाल तर गाडीच्या विम्यात तसे नोंदवावे.

तिसरी पायरी अ‍ॅलर्जीची, आणि इथे आपल्या मराठी स्वयंपाकाला जास्त जपावे लागते. कायद्याने १४ पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते. त्यात मोहरी, तीळ, शेंगदाणे, काजू-बदाम, दूध आणि गहू येतात. आपली फोडणी मोहरीशिवाय होत नाही आणि भाजी दाण्याच्या कुटाशिवाय. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, त्यामुळे नुसत्या भाताच्या वरणातही गहू जाऊ शकतो. ही माहिती ऑर्डर पक्की होण्यापूर्वी आणि पुन्हा डबा हातात देताना, अशी दोनदा द्यायची.

चौथी पायरी कराची. एका करवर्षात, म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल या काळात, व्यवसायाची एकूण जमा १,००० पौंडांच्या वर गेली तर ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरपर्यंत कर खात्याकडे नोंदणी करावी. इथे जमा धरतात, नफा नाही. ऑनलाइन विवरणपत्र आणि कर यांची मुदत त्यापुढची ३१ जानेवारी. घरात कोणाला युनिव्हर्सल क्रेडिट मिळत असेल तर व्यवसायाची मिळकत आणि खर्च दर महिन्याला कळवावे लागतात. शंका असेल तर सुरू करण्याआधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये विचारावे, तिथला सल्ला मोफत असतो.

भांडवलासाठी कार्ड किंवा ओळखीतली उसनवारी हे दोनच मार्ग नाहीत. सरकारच्या पाठिंब्याने चालणाऱ्या स्टार्ट अप लोन्स योजनेत ५०० ते २५,००० पौंडांपर्यंत कर्ज मिळू शकते आणि सोबत मार्गदर्शकही मिळतो. मात्र हे कर्ज व्यक्तीच्या नावावर असते. धंदा बुडाला तरी ते फेडावे लागते. क्रेडिट युनियन म्हणजे इथली पतपेढीच म्हणा. सभासद व्हायचे, थोडी बचत करायची आणि गरजेला रास्त व्याजाने कर्ज घ्यायचे. आपल्यापैकी काही जणी भिशी लावतात. भिशीने अनेकींचे संसार सावरले आहेत, पण एखाद्याने हप्ता बुडवला तर दाद मागायला जागा नसते. क्रेडिट युनियनमधल्या ठेवीला ठरावीक मर्यादेपर्यंत संरक्षण असते. सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत व्यवसायासाठी खास विभाग आहे, तिथेही पुष्कळ मार्गदर्शन विनामूल्य मिळते.

आता विनंती. विश्वस्त मंडळाने व्यवसाय-साहाय्यासाठी वेगळा निधी ठेवायचे ठरवले आहे. यातून कोणाला कर्ज दिले जाणार नाही, कारण कर्ज देण्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत. अडचणीत असलेल्या कुटुंबाला अन्नस्वच्छतेच्या प्रशिक्षणाची फी, पहिल्या वर्षाचा विमा आणि थर्मामीटरसारखी लहान साधने, एवढाच खर्च त्यातून होईल. आपण इथे पुरेसा कर भरत असाल तर देणगीसोबत गिफ्ट एडचा फॉर्म जरूर भरावा. आपल्या २० पौंडांचे त्यामुळे २५ होतात आणि आपल्याला जास्तीचे काही द्यावे लागत नाही.

पण पैशापेक्षा मोठी गरज दुसरी आहे. आपल्यातले कित्येक जण आयुष्यभर बँकेत, दुकानात, कौन्सिलच्या कचेरीत काम करून निवृत्त झाले आहेत. महिन्यातला एक शनिवार द्या. नव्याने आलेल्या मुलीला इंग्रजी पत्राचा अर्थ सांगणे, वही कशी लिहावी ते दाखवणे, हे काम खुर्चीत बसून होते. आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांनी एवढेच करावे: कोणाकडून डबा, फराळ, मोदक, शिवणकाम घेत असाल तर भाव विचारा, तो द्या आणि त्याच दिवशी द्या. गणपतीच्या मोदकांची ऑर्डर आदल्या रात्री न देता दहा दिवस आधी, निम्मे पैसे देऊन द्या. तुमचे पौंड ताईंच्या हाती गेले की त्यातले काही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातात, काही घरभाड्याला. काम वाढले तर पोळ्या लाटायला आणखी एखादी येते. हा पैसा इथेच चार घरांतून फिरतो.

मी माझे ८४ पौंड दुसऱ्याच दिवशी नेऊन दिले. ताईंनी चहा केला, पैसे मोजले नाहीत. पण तोपर्यंत त्यांनी सुपरमार्केटमध्ये संध्याकाळची पाळी घेतली होती. डबे पुन्हा सुरू कराल का, असे विचारले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काकू, दर सोमवारी आठवड्याचे पैसे आगाऊ देणारी दहा माणसे मिळाली तर करीन. नाहीतर पुन्हा त्या वहीत बघवत नाही."

दहाच नावे हवी आहेत. शनिवारच्या टेबलावर एक कागद ठेवला आहे. त्यावर आजवर सहा नावे आली. पहिले माझे आहे आणि दुसरे त्या आजींचे. उरलेल्या चार ओळी रिकाम्या आहेत. येत्या शनिवारी आरतीनंतर मी वाट पाहते.

आपली नम्र,
मंदिराच्या मदत-टेबलावरील एक सेविका