स्वयंपाकघराची वायरिंग: खडू आपल्या हातात, वायर वायरमनच्या

टेंभी नाक्याच्या आसपास जुन्या ठाण्यात जुनी घरं पाडून नवी उभी राहतायत, आणि तिकडे मुरबाड-शहापूरकडे गावोगाव पक्की घरं होतायत. घर कुठलंही असो, एक गोष्ट सारखीच दिसते. ओटा किती उंच हवा, फरशी कुठली हवी, हे बाईला विचारतात. विजेचे बोर्ड कुठे बसवायचे हे मात्र ठेकेदार आणि घरातले पुरुष परस्पर ठरवून मोकळे होतात. मग मिक्सर खिडकीपाशी आणि प्लग दारापाशी. मधे ओल्या ओट्यावरून एक्स्टेंशनची वायर लोळते.

म्हणून आराखडा आपण करायचा. वायर ओढायची ती मात्र परवाना असलेल्या वायरमननेच. ‘आमचा भाचा करतो की सगळं,’ असं कुणी म्हणेल. भाचा हुशार असेल, पण परवान्याशिवाय हे काम करणं कायद्यात बसत नाही. शिवाय नवी जोडणी देताना महावितरण परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागतं.

भिंतींना गिलावा होण्याआधी एक दिवस खडू घेऊन रिकाम्या स्वयंपाकघरात उभ्या राहा. इथे शेगडी, इथे सिंक, इथे फ्रीज, असं जमिनीवर आखा. खोटा खोटा स्वयंपाक करा. वाटण कुठे करता? कणीक कुठे मळता? हात जिथे जातो तिथे भिंतीवर खूण करा. ओट्यावरचे प्लग ओट्यापासून वीतभर वर हवेत, म्हणजे पुसताना पाणी आत जात नाही. सिंकपासून चांगले दोन हात दूर. शेगडीच्या बरोबर मागे किंवा वर बटण नको. वाफ, फोडणीचं तेल आणि पेटती शेगडी ओलांडून जाणारा हात, तिन्ही वाईट. सिलिंडर ठेवायच्या कप्प्यात तर एकही पॉइंट नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो आणि बटणाच्या एका ठिणगीने पेटतो. गॅसचा वास आला की बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, ते याचसाठी.

आता हिशेब. बचतगटाची वही लिहिणारीला तो अवघड नाही. प्रत्येक यंत्रावर वॅट लिहिलेले असतात. वॅटला 230 ने भागलं की अँपिअर मिळतात. 750 वॅटचा मिक्सर सव्वातीन अँपिअर घेतो, त्याला 6 अँपिअरचा साधा प्लग पुरतो. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी जवळजवळ 9 अँपिअर घेते. ती साध्या प्लगवर चालवली तर प्लग तापतो, काळा पडतो, जळका वास येतो. तिला 16 अँपिअरचा मोठा पॉइंट आणि स्वतंत्र वायर हवी. तसंच घरघंटीचं: 1 हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, पण सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट ओढते. तिलाही वेगळी लाईन द्या.

दुकानात दीड, अडीच, चार एमएम असं म्हणतात, ते वायरच्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे चौरस एमएम. दिव्यांना दीड, ओट्यावरच्या प्लगना अडीच, मोठ्या पॉइंटला चार. आयएसआयची खूण बघून घ्या. इथे वाचवलेले पैसे वाचत नाहीत. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला जाता तेव्हा बघा, एवढी रोषणाई असते, पण ती उत्सव संपला की उतरते. आपली वायर भिंतीच्या पोटात वीस-पंचवीस वर्षं राहणार, आणि कोकणच्या पावसात भिंती ओल धरणार.

जास्त वेळ मला बोलायचंय ते एमसीबी आणि आरसीसीबीबद्दल, कारण यात फार घोळ होतो. एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. एमसीबी वायरला वाचवते. वायरमधून तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट जायला लागला की ती पडते. माणसाचा जीव घ्यायला तेवढा करंट लागतच नाही. 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब साधारण पाव अँपिअर घेतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईच्या अंगातून त्याहून कमी करंट गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि 6 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी तेच ओळखते. जाणारा आणि परत येणारा करंट ती सतत मोजते. फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. घरासाठी 30 मिलीअँपिअरची मागा. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. वायरमन काम संपवून निघण्याआधी त्याच्यासमोरच ते दाबून बघा. पुढेही महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर वीज गेली नाही, तर ती बदलायची.

प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची. फ्रीजच्या पत्र्यात वीज उतरली तर ती याच वाटेने जमिनीत जाते. दोन पिनांचा जोड लावून ही वाट बंद करू नका.

गिलाव्याआधी आणखी एक काम: पाइप बसले की भिंतींजवळ मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढा. उद्या मांडणीसाठी खिळा ठोकताना वायर कुठे आहे ते कळेल. घरात मसाला किंवा पिठाचं काम सुरू करायचं असेल, तर आधी वीज बिलावरचा ‘मंजूर भार’ बघा आणि वीज कार्यालयात विचारून घ्या.

आणि अर्थिंगचा खड्डा कुठे केलाय ते दाखवून घ्या. त्यात कोळसा-मीठ भरलेलं असतं, ते ओलं राहिलं तर काम नीट होतं. चैत्र-वैशाखात जमीन भेगाळते, तेव्हा अधूनमधून बादलीभर पाणी तिथे ओतायचं.