पोटरीतला गोळा, हृदयाचा इशारा

पुण्यातली पर्वती टेकडी चढताना पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटं थांबलं की ओसरतो, चढू लागलं की परत येतो. ‘वय झालं’ म्हणून हे अंगावर काढू नका. पायाच्या धमन्यांत मेदाचे थर साचल्याचं हे लक्षण असू शकतं. असे थर हृदयाच्या धमन्यांतही साचतात, म्हणून या रुग्णांना हृदयविकाराचा धोका जास्त.

तपासणी सोपी आहे. आडवं झोपवून दंडाचा आणि डॉपलर (रक्तप्रवाह टिपणारं यंत्र) लावून घोट्याचा रक्तदाब मोजतात. दंडाला वरचा आकडा 140 आणि घोट्याला 98 आला, तर भागाकार 0.7. तो 0.9 किंवा त्याहून कमी असेल, तर धमनी अरुंद झाल्याची शक्यता दाट. मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा फसवा येऊ शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब पाहतात.

सडपातळ आहात म्हणून निश्चिंत राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच होता, 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1. ही तुलना 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. म्हणजे सडपातळ अंगातही चरबी जास्त असू शकते.

मधुमेह असेल, तंबाखू-मिश्रीची सवय असेल किंवा पायाची जखम भरत नसेल, तर घोट्याच्या दाबाची ही तपासणी डॉक्टरांकडे स्वतःहून मागा. आणि तंबाखू आजच सोडा.